मिठाच्या रस्त्यांवर गाडीचा रंग टिकवायला सिरॅमिक कोटिंग पुरेसं आहे का?

नवी गाडी घेतली आहे, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, हायवेवर खडी उडते, तर एकदा सिरॅमिक करून घेतलं की काळजी मिटेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही मिटणार. सिरॅमिक म्हणजे रंगावर चोळून बसवलेला कडक पारदर्शक थर, तोही जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी त्यावरून घरंगळतं, चिखल आणि मीठ पटकन सुटतं, धुवायला सोपं जातं, हे सगळं खरं. पण खडीला तो थर असला काय नि नसला काय.

कंपनीतून आलेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. वहीची दोन पानं एकावर एक ठेवा, फार तर तेवढी जाडी. त्यावर हायवेच्या वेगात हरभऱ्याएवढा खडा आपटला की टवका उडतोच. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० चा वेग १२० केलात की चौपट. म्हणून पहिला उपाय फुकटातला आहे: ट्रकच्या मागे चिकटून चालवू नका. मडफ्लॅप (चाकामागे लोंबणाऱ्या रबरी पट्ट्या) नसतील तर लावून घ्या, कारण दाराच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या कमानीवर बसणारे खडे बहुतेक आपल्याच पुढच्या चाकांनी उडवलेले असतात.

खडा खरोखर अडवते ती पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे मूळ रंगाहूनही जाड. सगळी गाडी मढवायची गरज नाही. बंपर, बॉनेट, आरशांच्या पाठी, काचेच्या वरची छताची कड आणि दाराखालची पट्टी एवढ्यावर भागतं. फिल्मची कड शक्य तिथे पत्र्याच्या आत वळवून घ्यायला सांगा. उघड्या कडेखाली मीठ-माती साचून काळी रेघ उमटते आणि ती दिसायला टवक्याहून वाईट. उरलेल्या गाडीवर सिरॅमिक करा, नाहीतर साधं वॅक्स. वॅक्स मात्र हिवाळ्यात पुन्हा लावावं लागतं.

आता मीठ. धड असलेल्या रंगाचं ते लगेच काही बिघडवत नाही. त्याला आत शिरायला वाट लागते आणि ती वाट खडा करून देतो. माझ्या आधीच्या गाडीला काचेच्या वरच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका होता. उन्हाळ्यात बघू म्हणून सोडला. थंडी सरली तेव्हा त्याभोवती नाण्याएवढा फुगवटा आला होता आणि नखाने टोकरल्यावर रंगाचा पापुद्राच हातात आला. खाली तांबूस भुगा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो पसरताना रंग खालून उचलत जातो. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे ही क्रिया कितीतरी वेगाने होते. अॅल्युमिनियमच्या बॉनेटला तांबडा गंज चढत नाही, पण पांढरी भुकटी आणि फोड येतातच.

तेव्हा थंडी सुरू होण्याआधी एक सकाळ काढा. गाडी धुवा, उजेडात गुडघ्यावर बसून पुढचा भाग न्याहाळा. टवका दिसला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढ्याच जागी घासा. पत्रा उघडा पडला असेल तर आधी प्रायमरचा ठिपका, मग रंग, मग क्लिअर. रंगाचा कोड बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली लिहिलेला असतो. टच-अपच्या, म्हणजे डागडुजीच्या रंगाच्या, बाटलीतला ब्रश फार जाड असतो. मी टूथपिकच्या टोकाने थेंब सोडतो, वाळू देतो, पुन्हा सोडतो. जवळून डाग दिसतो, दिसू दे. आपल्याला पत्रा झाकायचाय.

थंडीत धुताना वरच्या चकाकीपेक्षा खालून धुण्याकडे लक्ष द्या: चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, गाडीचं पोट. दारांच्या तळाशी पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती चिखलाने बुजू देऊ नका. कडाक्याच्या थंडीत साध्या मिठाऐवजी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराईड वापरतात. ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून रस्ता कोरडा दिसला तरी गाडीवरचा थर दमटच असतो. तापमान शून्याच्या वर गेलं की लगेच धुवा, आणि दारांची रबरं कोरडी पुसा, नाहीतर सकाळी दार उघडणार नाही.

मिठाने पांढरी झालेली गाडी कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका. तो थर पॉलिश पेपरचंच काम करतो. बर्फ झाडायला घरातला झाडूही नको.

आणखी एक, जे बऱ्याच जणांना उलटं वाटतं: खारट गाडी रोज उबदार गॅरेजमध्ये लावली तर ती जास्त गंजते. बाहेर गोठलेलं मीठ निदान स्वस्थ बसलेलं असतं. आत ठेवायचीच असेल तर आधी पाण्याचा एक फवारा मारा.