वाचकांचे प्रश्न : थंड प्रदेशातील वर्षावन

प्रश्न : आम्ही पती-पत्नी साठीच्या पुढचे आहोत. मुलगा अमेरिकेत सिएटल येथे नोकरीस असून येत्या जुलैत आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. तेथील ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातील होह वर्षावन पाहण्याची इच्छा आहे. त्या वेळी पाऊस फार असेल का, आणि गुडघ्यांना झेपेल अशी वाट तेथे आहे का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : पावसाची धास्ती बाळगू नये. आपल्याकडे आभाळ भरून येते तेच जुलै-ऑगस्ट तेथे सर्वांत कोरडे असतात आणि मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो. प्रशांत महासागरावरून येणारे ओले वारे ऑलिंपिक पर्वतावर चढतात, वर जाताना थंड होतात आणि पश्चिमेकडील खोऱ्यांत वर्षाकाठी साडेतीन मीटरहून अधिक पाऊस पाडतात. पर्वताच्या पलीकडे, ईशान्येस असलेल्या सेक्विम गावी मात्र जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पाठीशी राहणाऱ्या आपल्या खान्देशाला हे पर्जन्यछायेचे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जाण्याचा महिना आपल्या हाती असेल, तर मी मे-जून किंवा सप्टेंबरअखेर सुचवीन, कारण भर उन्हाळ्यात तेथील शेवाळ सुकून थोडे तपकिरी पडते आणि गर्दीही फार असते. जुलैतच जायचे असल्यास सकाळी लवकर पोहोचावे किंवा थेट सायंकाळी जावे. दुपारी वाहनतळ भरला की प्रवेशद्वारापाशी मोटारींना बराच वेळ थांबवून ठेवतात. तेथे जुलैत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळत असल्याने सायंकाळची भेट मुळीच घाईची होत नाही. सिएटलहून मोटारीने साधारण चार तास लागतात, म्हणून फोर्क्स गावात आदल्या रात्री मुक्काम करणे उत्तम. निघण्यापूर्वी रस्ता सुरू असल्याची खात्री करून घ्यावी. डिसेंबर २०२४ मध्ये होह नदीच्या पुराने हा रस्ता वाहून गेला होता आणि तो मे २०२५ मध्ये पुन्हा खुला झाला.

गुडघ्यांसाठी 'स्प्रूस नेचर ट्रेल' ही सुमारे दोन किलोमीटरची, बहुतेक सपाट वाट योग्य आहे. प्रसिद्ध 'हॉल ऑफ मॉसेस' सव्वा किलोमीटरच्या आसपास असली, तरी तिच्या आरंभी थोडा चढ आहे. एका दिवसात समुद्रकिनारा, पर्वत आणि वन असे तिन्ही उरकण्याचा बेत कृपया करू नये. उद्यानाच्या मधून आरपार जाणारा रस्ताच नाही, त्यामुळे सारा दिवस मोटारीत जातो.

वाटेवर नजर केवळ उंच स्प्रूस वृक्षांवर न ठेवता खाली पडलेल्या ओंडक्यांवर अवश्य ठेवावी. जमिनीवर शेवाळ व नेचे यांची दाटी इतकी असते की बियांना रुजायला जागा मिळत नाही. त्या कुजणाऱ्या ओंडक्यावर रुजतात आणि रोपांची मुळे त्याला कवटाळून खाली मातीत उतरतात. पुढे काही शतकांत ओंडका नाहीसा होतो, पण वृक्ष रावेरच्या केळीबागेसारखे एका ओळीत उभे राहतात आणि त्यांच्या बुंध्यांखाली पोकळी उरते. अशी रांग ओळखता आली की त्या वनाचा गेल्या कित्येक शतकांचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि माझ्या मते एवढ्यासाठी तो प्रवास करावा.

प्रश्न : त्या वनाच्या छायाचित्रांत झाडांवर शेवाळाचे जाड थर लोंबताना दिसतात. आमच्या आंब्यावर बांडगूळ चढले तर ते काढावे लागते, नाहीतर फांदी वाळते. मग तेथील झाडे मरत कशी नाहीत?
— एक शेतकरी, शहादा तालुका

उत्तर : बांडगूळ फांदीत शिरून झाडाचा रस शोषते, शेवाळ फांदीचा केवळ आधार घेते आणि पाणी व क्षार पावसातून, धुक्यातून मिळवते. त्याच्याबरोबर तेथे दगडफुलेही विपुल असतात. आपल्या काळ्या मसाल्यात पडते त्याच वर्गातील ही, जात मात्र वेगळी. त्यांपैकी एक मोठ्या पानासारखे दगडफूल हवेतील नत्र बांधते आणि गळून पडल्यावर ते जमिनीला मिळते.

झाडाला या थराचा उपयोगही होतो. थराखाली हळूहळू माती तयार होते, आणि मोठ्या पानांचा मेपल आपल्या फांद्यांतून मुळे फोडून त्या मातीत सोडतो. जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवरची ही मुळे शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी याच ऑलिंपिक परिसरातील वनांत अभ्यासली आणि १९८१ मध्ये त्यांवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोरावर चढून झाडांच्या शेंड्यांपाशी संशोधन करणे तेव्हा अगदी नवे होते.

मात्र ओझ्याने फांदी मोडते, हेही खरे. मोडलेली फांदी कोणी उचलत नाही. ती जेथे पडते तेथेच कुजते. त्या उद्यानातून शेवाळाचा तुकडाही नेण्यास मनाई आहे, आणि उघड्या पडलेल्या फांदीवर तो थर पुन्हा जमायला अनेक वर्षे लागतात.