ड्रोनच्या काळात जड रणगाड्यांना युद्धात जागा उरली आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की, युक्रेनमध्ये काही हजार रुपयांच्या ड्रोनने कोट्यवधींचे रणगाडे जळताना दिसतात, मग साठ-सत्तर टनांची ही धुडं सैन्याने कशाला बाळगायची?

माझ्या मते जागा आहे. मात्र कुठे आणि किती वजनाच्या रणगाड्याला, हे ड्रोनइतकंच जमीन आणि पूल ठरवतात. मी सैन्यात नव्हतो. मुंबईत पुलांच्या डिझाइनचं काम करतो आणि त्या कामात रणगाड्याशी कायम गाठ पडते. आधी तेच सांगतो, कारण वजनाचा प्रश्न तिथूनच नीट कळतो.

आपल्याकडचे रस्त्यांवरचे पूल इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेप्रमाणे बांधतात. हिशेबात कोणतं वजन धरायचं याचे नमुने त्यात ठरवून दिले आहेत. त्यातला एक म्हणजे ‘७० आर’ वर्गाचं पट्ट्यांवर चालणारं वाहन. एकूण वजन ७० टन, प्रत्येक पट्टा ४.५७ मीटर लांब आणि ८४ सेंटिमीटर रुंद. वाहन कल्पित आहे, पण असलं काही चालवणारं सैन्याखेरीज दुसरं कोण असतं? मुंबईतल्या नव्या उड्डाणपुलाचा हिशेब करतो तेव्हा पहिली रिक्षा जाण्याच्या कितीतरी आधी त्यावरून कागदावर रणगाडा जाऊन आलेला असतो.

दोन्ही पट्ट्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं साधारण ७.७ चौरस मीटर. त्यावर ७० टन पसरले की दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहूनही कमी दाब येतो. आपल्या मोटारीच्या टायरखाली याच्या दुपटीच्या आसपास असतो. म्हणूनच नांगरलेल्या शेतात मोटार रुतते आणि रणगाडा निघून जातो. पुलाचं तसं नाही. तुळईला अख्खं वजन पेलावं लागतं, आणि पट्टा कितीही रुंद केला तरी ७० टनांचे ६९ होत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ज्याचा धाक होता तो जर्मन टायगर ५७ टनांचा होता. त्यानंतर ब्रिटनचा कॉन्करर आणि अमेरिकेचा एम-१०३ आले, पण ‘जड रणगाडा’ हा वेगळा वर्ग पुढे बंदच पडला, कारण तेवढ्याच ताकदीची तोफ हलक्या, चपळ रणगाड्यांवर बसू लागली. हे नवे ‘मुख्य रणगाडे’ मात्र वाढत वाढत टायगरच्याही पुढे गेले. आपला अर्जुन मार्क-१ए ६८ टनांचा आहे. रशियन घराण्यातले टी-७२ आणि टी-९० पंचेचाळीस टनांच्या आसपास, आणि आपल्या चिलखती दलाचा कणा तेच आहेत.

स्वस्त हत्यारापुढे महागडा रणगाडा हतबल होणं काही ड्रोनपासून सुरू झालेलं नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे आले. आपल्या सैन्याने कालव्याचं पाणी शेतांत सोडलं होतं, त्या चिखलात आणि उसात त्यांचा वेग संपला. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या हलक्या) तोफेने एकामागून एक पॅटन उडवले आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. रणगाड्याचे दिवस भरले, असं त्या दिवशीही म्हणता आलं असतं. पण त्याच महिन्यात सियालकोट आघाडीवर मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पूना हॉर्स रेजिमेंटचे ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन रणगाडे घेऊन फिलोराकडे चालून गेले. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात शत्रूचे साठेक रणगाडे नष्ट आणि आपले नऊ गमावले अशी नोंद आहे. जखमी झाल्यावरही त्यांनी मागे जायला नकार दिला होता. एकाच युद्धातल्या या दोन लढाया. फरक पडला तो जमिनीने, आणि सोबत कोण होतं याने.

१९७३ मध्ये इजिप्तच्या पायदळाने सॅगर या रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाड्यांची तशीच दाणादाण उडवली होती. पायदळ आणि तोफखाना बरोबर नसलेले रणगाडे तिथे मारले गेले. जून २०२३ मध्ये झापोरिझ्झियात युक्रेनचे जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे अडकले ते आधी सुरुंगांत. पट्टा तुटला, रणगाडा थांबला, मग तोफा, हेलिकॉप्टर आणि ड्रोन त्याच्यावर आले. एका ड्रोनने रणगाडा कायमचा संपतोच असं नाही, बहुतेकदा अनेक मारावे लागतात. पण ते स्वस्त असल्यामुळे मारणाऱ्याला परवडतं, आणि यात तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

मला जास्त अस्वस्थ करते ती आतल्या माणसांची गोष्ट. टी-७२ मध्ये गोळे भरायला माणूस नसतो, यंत्र असतं. त्यासाठी गोळे आणि त्यांची दारू टरेटखाली, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटाखाली, तळाशी गोल चकतीत रचून ठेवतात, आणि कमांडर व तोफची बसतात ते नेमके त्या चकतीवर. चिलखत भेदून आग तिथवर पोचली की टरेट उखडून उडतं. ती चित्रं सगळ्या जगाने पाहिली. अमेरिकेच्या एब्रॅम्स रणगाड्यात गोळे टरेटच्या मागच्या कप्प्यात असतात, मध्ये पोलादी सरकतं दार, आणि कप्प्याच्या छतावर असे पत्रे की स्फोट झालाच तर ते उडून ज्वाळा वर निघून जावी. रणगाडा जातो, माणसं वाचण्याची शक्यता राहते. या सोयीने वजन वाढतं, हे खरं. पण जडपणाला नावं ठेवताना त्यातले काही टन जवानांच्या जिवासाठी असतात, हे विसरू नये. आपल्या टी-७२ आणि टी-९० मध्ये तीच चकती आहे.

मग सगळीकडे जडच घ्यावेत का? अजिबात नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये काश्मीरमधल्या झोजिला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले, ते चौदा-पंधरा टनांचे होते. तरीही वाटेतले पूल मजबूत करावे लागले आणि टरेट काढून वेगळे न्यावे लागले. माझ्या पेशामुळे असेल, पण त्या विजयात मला रणगाड्यांइतकाच सॅपर्सचा, म्हणजे सैन्यातल्या अभियंत्यांचा, वाटा दिसतो. ऑगस्ट २०२० मध्ये लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या दक्षिणेच्या डोंगरांवर आपण टी-७२ आणि टी-९० नेले, चीनकडे तिथे हलका टाइप-१५ होता. जून २०२४ अखेर श्योक नदी ओलांडताना पाणी अचानक वाढलं आणि टी-७२ मधले पाच जवान गेले. त्या उंचीसाठी डीआरडीओ आणि एल अँड टी यांचा २५ टनांचा हलका रणगाडा झोरावर हाच मार्ग मला योग्य वाटतो.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले, एकही रणगाडा सीमेपार गेला नाही. हे उदाहरण पुष्कळ लोक देतात. पण त्या वेळी जमीन घ्यायचीच नव्हती. उद्या पंजाबच्या सपाटीत कालव्यापलीकडे पाय रोवायची वेळ आली, तर पायदळाच्या पुढे तोफेसकट चालणारं चिलखत लागेल, आणि ते काम ड्रोन करत नाही. त्या रणगाड्यासोबत पूल टाकणारी गाडी, सुरुंग काढणारे सॅपर्स, ड्रोनचे सिग्नल तोडणारे जॅमर आणि ते पाडणाऱ्या तोफा हव्यात. टी-७२ च्या जागी जो रणगाडा येईल त्याची निवड माझ्या हातात असती, तर मी तोफेच्या आधी गोळे ठेवायचा कप्पा उघडून बघितला असता.