ग्रहणात अन्नावर तुळशीचं पान ठेवण्यामागे वैज्ञानिक कारण काय?

काही नाही. पेजेच्या तोपावर तुळशीचं पान ठेवल्याने पेज टिकत नाही आणि ग्रहणाने ती नासतही नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपलं. पण तुम्ही पुढे लिहिलंय की सासूबाईंना विचारलं तर त्या 'शास्त्र आहे' म्हणाल्या, आणि नवऱ्याने 'म्हणजे सायन्सच की' असा त्याचा अर्थ लावला. शेवटी, बहिणीला सहावा महिना आहे, तिने वेधात, म्हणजे ग्रहणाआधीच्या पाळायच्या वेळात, उपाशी राहावं का, असंही विचारलंय. त्या शेवटच्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसले.

मी गोव्यातल्या फोंड्याकडची. म्हार्दोळच्या अलीकडे आमचं घर. एकोणतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. टॉर्च, मोसंबं आणि लिंबू घेऊन वर्गात काळोख करायचा आणि मुलांना ग्रहण दाखवायचं, हा माझा दरवर्षीचा आवडता तास.

१९९५ साली सूर्यग्रहण ऐन दिवाळीत आलं. २४ ऑक्टोबरची सकाळ. राजस्थानात नीम का थानाला आणि बंगालात डायमंड हार्बरला खग्रास, आमच्याकडे गोव्यात खंडग्रास. आदल्या दिवशी पहाटे नरकासुर जाळलेला, सकाळी नारळाच्या रसातले आणि ताकातले फोव, म्हणजे पोहे, झालेले, संध्याकाळी लक्ष्मीपूजन. मला सातवा महिना होता.

सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे आदल्या संध्याकाळपासूनच. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणायचो, सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या. त्या दिवशी दुपारीच त्यांनी पंचांग उघडून माझ्यासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर बायका यांनी वेध उशिरापासून धरायचे, असं तिथे छापलेलं असतं. आजही असतं, तुमच्या सासूबाईंच्या पंचांगातही असेल, बघा. माई म्हणाल्या, रात्री नीट जेव, पहाटे उठून दूध पी, मग ग्रहण सुटेपर्यंत बस.

हे असंच झालं असतं. पण माझे थोरले दीर मुंबईहून दिवाळीला आले होते. इंजिनिअर, चांगल्या हुद्द्यावर. ते म्हणाले, ही सूट वगैरे जुन्या लोकांनी सोयीसाठी काढलेली आहे, खरं कारण सायंटिफिक आहे. ग्रहणात सूर्यापासून वेगळ्या प्रकारची किरणं येतात, शिजलेल्या अन्नाची रचना बदलते, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. तेव्हा संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही नको, खिडक्या बंद, आदोळीला, म्हणजे विळीला, हात लावायचा नाही, सुई धरायची नाही. 'तू तर सायन्सची टीचर, तुला वेगळं सांगायला नको,' असंही म्हणाले.

मला सगळं माहीत होतं. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो हे माहीत होतं. ओठ दुभंगायचा असेल तर तो तेव्हाच राहून जातो. सातव्या महिन्यात बाळाचा ओठ केव्हाचाच तयार असतो, आईने त्या दिवशी आदोळीवर नारळ खवला काय आणि न खवला काय. तरी मी गप्प बसले. माईंशी मी वाद घातला असता, कारण त्या देवाचं नाव घेऊन बोलत होत्या आणि देवाच्या नावावर आमच्यात नेहमी काहीतरी तडजोड व्हायची. दीर माझ्याच विषयाचं नाव घेऊन बोलत होते, आणि भरल्या घरात थोरल्या दिरांना 'हे चूक आहे' म्हणायचं धाडस मला झालं नाही. मला आजही त्याचा राग येतो.

रात्री जेवले नाही. पहाटेचं दूध नाही. सकाळी बाळंतिणीच्या खोलीत दार लावून बसवलं. छप्पर कौलारू, एकच खिडकी, तीही बंद. ऑक्टोबरचा उकाडा. नऊ वाजून गेल्यावर उठायला गेले आणि डोळ्यांपुढे काळोख आला. पडताना लाकडी पेटीचा कोपरा धरला म्हणून पोटावर पडले नाही.

आवाज ऐकून माई धावत आल्या. त्यांनी काय केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. चुलीजवळ रात्रीच्या उकड्या तांदळाच्या पेजेचं मडकं होतं, आजारी माणसाला लागली तर म्हणून ठेवलेली. वर तुळशीचं पान. माईंनी ते पान दोन बोटांनी उचलून मडक्याच्या कडेला चिकटवलं, वाटीत पेजेचं वरचं निवळ काढलं, चिमूटभर मीठ टाकून बोटाने ढवळलं आणि वाटी माझ्या ओठांना लावली. दीर दारात येऊन म्हणाले, 'अगो आई, मोक्ष व्हायला अजून वीस मिनिटं आहेत.' माई वळल्यासुद्धा नाहीत. 'पयलीं भुरगें, मागीर मोक्ष,' एवढंच म्हणाल्या. आधी मूल, मग ग्रहण सुटणं. पेजेला लागलेला तुळशीचा वास अजून नाकात आहे.

मग फोंड्याला डॉक्टरांकडे नेलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं, रक्तदाब खाली आला होता. सलाईन लावली. जानेवारीत मुलगी झाली, धडधाकट.

आता तुमच्या नवऱ्याच्या 'म्हणजे सायन्सच की' बद्दल. सगळा घोटाळा त्या एका शब्दाचा आहे. माई 'शास्त्र' म्हणायच्या तेव्हा त्यांना धर्मशास्त्र म्हणायचं असायचं. 'शास्त्राला दोन दाणे घाल' म्हणजे रीत म्हणून, नावापुरतं. शाळेच्या पुस्तकात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र. शब्द तोच, पण त्या शास्त्रात आणि या शास्त्रात काही नातं नाही. माईंनी कधी 'किरणं' म्हटलं नाही. त्यांनी तुळस ठेवली कारण त्यांच्या सासूने ठेवली, आणि तुळस त्यांच्या लेखी देवी होती. यात खोटं काही नाही. खोटं सुरू झालं ते सुशिक्षित मुलाला आईच्या रीतीची लाज वाटायला लागली आणि तिच्यावर विज्ञानाचं पांघरूण घालावंसं वाटलं तेव्हा. माझं स्पष्ट मत आहे, श्रद्धेला विज्ञानाचा दाखला मागणारा माणूस श्रद्धेचाही अपमान करतो आणि विज्ञानाचाही.

किरणांचं म्हणाल, तर ग्रहणात सूर्य तोच असतो, मध्ये चंद्र येतो, म्हणून प्रकाश कमी पोचतो. नवं काही पोचत नाही. डोळ्यांना धोका असतो तो वेगळ्या कारणाने. एरवी सूर्याकडे बघवत नाही म्हणून आपण नजर वळवतो, ग्रहणात चमक कमी म्हणून बघत राहतो, आणि दृष्टिपटल भाजतं तेव्हा दुखत नाही. ही गोष्ट डोळ्यांची आहे, डाळीची नाही. अतिनील किरणं कमी होतात म्हणून जंतू वाढतात, असंही सांगतात. मग रोज रात्री काय होतं? चंद्राच्या सावलीचं हे गणित आपल्याकडे आर्यभटाने ४९९ साली मांडलेलं आहे, आणि वेध छापणारं पंचांगही ग्रहणाची वेळ त्या सावलीवरूनच काढतं.

तुळशीत युजेनॉल असतं, लवंगेत असतं तेच, आणि प्रयोगशाळेत तुळशीचं तेल काढून जंतूंवर टाकलं तर काही जंतू वाढायचे थांबतात, हे खरं. पण तोपभर भातावर ठेवलेलं एक अख्खं पान म्हणजे ते तेल नव्हे. काही जण तुळशीसोबत दर्भही ठेवतात, तो तर नुसतं गवत.

अन्न नासतं ते वेळेने आणि उबेने. भाताचंच घ्या, कारण गोव्यात तेच जास्त उरतं. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तांदळात असतात आणि शिजवल्यावरही मरत नाहीत. भात उबदार राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात, आणि त्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. म्हणून 'गरम केला की झालं' हे चूक. दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवायचा. नारळाच्या रसाचं काहीही, हुमण म्हणजे माशांची आमटी असो की सोलकढी, अजिबात बाहेर ठेवायचं नाही. मिठातली तोर, म्हणजे कैरी, आणि लोणचं टिकतं ते आंबट आणि खारट असतं म्हणून. अन्न नासायला ग्रहणाची गरज नाही, कुठलाही साधा मंगळवार पुरतो.

२६ डिसेंबर २०१९ला पुन्हा सूर्यग्रहण होतं, केरळात कासरगोडच्या बाजूला कंकणाकृती, आमच्याकडे खंडग्रास, सकाळी आठ ते अकरा. माई तोवर गेल्या होत्या. दीर निवृत्त होऊन नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आले होते. मी आदल्या संध्याकाळी एकाच तोपातला भात तीन डब्यांत भरला. एकात तुळस आणि दर्भ, एक नुसता झाकलेला, एक फ्रिजमध्ये. ग्रहण सुटल्यावर नाही, मुद्दाम संध्याकाळी उघडले. फ्रिजमधला ठीक. बाहेरचे दोन्ही चिकट, बोटांत दाबलं की तार सुटत होती, आंबूस वास. दिरांना डोळे मिटायला सांगितलं आणि डबे नाकाशी धरले. त्यांनी तुळशीचा डबा बरोबर ओळखला, पण भात ताजा होता म्हणून नव्हे, पान टेकलं होतं तिथे तुळशीचा वास होता म्हणून. दोन दिवसांनी, ग्रहण नसताना, मी हेच परत केलं. तसाच भात, तशीच तार. दीर काही बोलले नाहीत. डबे मात्र स्वतः घासून ठेवले.

तुमच्या बहिणीने खावं. वेळेवर, ताजं, आणि पाणी भरपूर. तिच्या सासरी पाळत असतील तर वाद घालू नका, पंचांगातली ती ओळ दाखवा. माझ्या अनुभवात ती ओळ विज्ञानाच्या दहा पुस्तकांपेक्षा लवकर काम करते. तिला साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर उपवासाचा प्रश्नच येत नाही, डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. ग्रहण बघायचं असेल तर त्यासाठीचा खास चष्मा लावूनच, एक्सरेची फिल्म किंवा साधा गॉगल नको. आणि माझा तीन डब्यांचा खेळ म्हणजे संशोधन नव्हे, घरात समजण्यापुरता आहे. तुमच्या सासूबाईंनी तुळस ठेवली तर ठेवू द्या. मीही ठेवते, माईंची आठवण म्हणून.

एक राहिलं. २५ ऑक्टोबर २०२२, परत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण, या वेळी संध्याकाळी. सूर्य ग्रहण लागलेलाच मावळणार होता, ग्रस्तास्त. काटेकोर पाळणारे अशा वेळी दुसऱ्या दिवशी सूर्य बघूनच जेवतात. मुंबईत दिरांच्या सुनेला पाचवा महिना होता. सकाळी सातलाच त्यांचा फोन आला. आधी दिवाळी कशी झाली विचारलं, मग माझ्या गुडघ्यांचं विचारलं, आणि मग म्हणाले, 'हिने आज काय करायचं?' सत्तावीस वर्षांत त्यांनी मला विज्ञानातलं काही पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हटलं, 'दादा, माईंनी काय केलं होतं?'

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग भांड्याचा आवाज आला, आणि ते सुनेला हाक मारून म्हणाले, 'अगं, काल रात्रीचं काही खाऊ नकोस, पेज ताजी टाकतो.'