ग्रॅम, मोल आणि समीकरणातील सहगुणक

प्रश्न : नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन रेणू यांच्यापासून अमोनियाचे दोन रेणू तयार होतात. ५६ ग्रॅम नायट्रोजन आणि ९ ग्रॅम हायड्रोजन घेतल्यास किती अमोनिया मिळेल, या उदाहरणात मी तीनास दोन हे प्रमाण हायड्रोजनला लावून ६ ग्रॅम असे उत्तर काढले. पुस्तकात ५१ ग्रॅम दिले आहे. माझे काय चुकले?

उत्तर : आपले उत्तर टिकत नाही, हे ते पाहताक्षणीच ओळखता येते. ९ ग्रॅम हायड्रोजन पूर्णपणे वापरला गेला असेल, तर त्यात नायट्रोजनची भर पडून तयार झालेला अमोनिया ९ ग्रॅमपेक्षा कमी भरणे वस्तुमानाच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार शक्यच नाही. समीकरणातील सहगुणक, म्हणजे येथील एक, तीन आणि दोन हे आकडे, रेणूंच्या संख्येचे प्रमाण सांगतात, वजनाचे नव्हे. आपण ते थेट ग्रॅमना लावलेत.

प्रयोगशाळेत रेणू एकेक करून मोजता येत नाहीत, वजन मात्र करता येते, म्हणून या दोहोंना जोडण्यासाठी मोल हे एकक वापरतात. २०१९ पासून लागू असलेल्या व्याख्येनुसार एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. त्यापूर्वी ही संख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंवरून ठरत असे. असल्या गणितांत हा अवाढव्य आकडा सहसा लागतही नाही, कारण एका मोलचे वस्तुमान माहीत असले की काम भागते. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू असल्याने त्याच्या एका मोलचे वस्तुमान २८ ग्रॅम (येथे १४ धरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात), हायड्रोजनचे २ ग्रॅम आणि अमोनियाचे १७ ग्रॅम.

आता ५६ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे २ मोल आणि ९ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे ४.५ मोल. २ मोल नायट्रोजन संपवायचा तर ६ मोल हायड्रोजन हवा. आपल्याकडे तो तेवढा नाही. म्हणजे हायड्रोजन आधी संपेल आणि अमोनिया किती व्हायचा हे तोच ठरवेल. केवळ ग्रॅम पाहून कोणता पदार्थ अपुरा आहे, याचा निर्णय करू नये. संतुलित समीकरणाला जितके मोल लागतात, त्यांच्याशी हाताशी असलेले मोल ताडून पाहावेत. आपले तीनास दोन हे प्रमाण येथे, मोलना लावायचे : ४.५ मोल हायड्रोजनपासून ३ मोल, म्हणजेच ५१ ग्रॅम अमोनिया. त्यासाठी १.५ मोल, अर्थात ४२ ग्रॅम नायट्रोजन खर्च होतो आणि १४ ग्रॅम शिल्लक राहतो. सुरुवातीचे ६५ ग्रॅम शेवटीही ६५ ग्रॅमच भरतात. हा पडताळा प्रत्येक उदाहरणात घ्यावा.

ही अभिक्रिया उलट दिशेनेही होत असल्याने प्रत्यक्षात ५१ ग्रॅमपेक्षा कमीच अमोनिया हाती येतो. पुस्तकातील आकडा ही सैद्धांतिक कमाल मर्यादा होय.

प्रश्न : याच समीकरणात डावीकडे चार मोल आणि उजवीकडे दोनच. मग दोन मोल गेले कोठे?

उत्तर : कोठेही नाहीत. अभिक्रियेत अणू कायम राहतात, रेणूंची संख्या कायम राहिलीच पाहिजे असे नाही. दोन्ही बाजूंना नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ६ अणू आहेत. डावीकडे ते चार रेणूंत विखुरलेले आहेत आणि उजवीकडे दोन रेणूंत बांधले गेले आहेत. वस्तुमानही २८ अधिक ६, म्हणजे ३४ ग्रॅम, आणि अमोनियाच्या दोन मोलचे वस्तुमानही तेवढेच.