आस म्हणावं की अक्ष?

फोंड्याच्या एका पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यानं विचारलंय की, विजेच्या गाड्यांतल्या 'इलेक्ट्रिक ड्राइव्ह ॲक्सल'वर मराठीत टिपण लिहायचंय, तर 'विद्युत चालन अक्ष' चालेल का?

मला तरी नाही चालणार. अक्ष ही मनातली रेघ, पृथ्वी जिच्याभोवती फिरते ती. तिला ग्रीस लावता येत नाही. गाडीखालच्या दांड्याला बैलगाडीपासून चालत आलेला शब्द आहे, आस. तोही 'अक्ष'मधूनच आला. इक्षूचा ऊस झाला, कुक्षीची कूस झाली, तसाच. (आशेची आस स्त्रीलिंगी, हा पुल्लिंगी. 'आस तुटला' म्हटलं की गाडी अडते, 'आस तुटली' म्हटलं की माणूस.) घरात पोर्तुगीज शिकलेले आजोबा असतील तर ते 'एइशु' म्हणतील. तोही लॅटिन 'ॲक्सिस'मधून आलेला, म्हणजे आपल्या अक्षाचा दूरचा चुलतभाऊ.

आस आणि अक्ष वेगळे ठेवले की प्रकार सांगणं सोपं होतं. मोटर, गिअर आणि डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरांची जोडणी) एकाच घरात बसवलं की झाला विद्युत-आस. मोटरचा अक्ष चाकांच्या अक्षाशेजारून जात असेल तर तो समांतर-अक्ष आस. दोन्ही एकाच रेषेत असतील तर समाक्ष आस. समाक्षात रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, पोकळ असतो आणि एका चाकाकडे जाणारा दांडा त्याच्या पोटातून आरपार जातो. आता 'समाक्ष विद्युत चालन अक्ष' लिहून पाहा. कुठला अक्ष कशाचा?

तिसऱ्या प्रकारात मोटर थेट चाकाच्या तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात. ही कल्पना नवी नाही, लोनर-पोर्शची अशी गाडी 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात होती. इथे डिफरन्शियल लागत नाही. चोर्ला घाटाच्या वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते दोन्ही मोटरी आपापल्या वेगानं फिरून साधतात. मात्र मोटरचं वजन स्प्रिंगांच्या खाली, चाकातच येतं. आपल्या पावसाळी खड्ड्यांत ते जाणवणारच.

कुणी म्हणेल, बैलगाडीचा आस स्थिर असतो, मोटारीचा दांडा फिरतो, मग एकच शब्द कसा? रेल्वेचा आसही चाकांसकट फिरतो, त्याला आपण आसच म्हणतो.

टिपणात पहिल्यांदा 'विद्युत-आस, म्हणजे ई-ॲक्सल' असं लिहा, पुढे नुसतं आस. म्हापशाच्या गॅरेजात मात्र ॲक्सलच मागा.