मी नववीत आहे, शाळा सुटल्यावर तिसरीच्या मुलांचा अभ्यास घ्यायला बोलावलंय. मला जमेल का? आणि माझा अभ्यास बुडेल का?

जमेल की. नववीत आहेस म्हणून सरळ अरेतुरे करतेय, राग नको मानू. मी पण नववी-दहावीत हेच केलंय, आठवड्यातून दोन दिवस, तासभर, माझ्याकडे तिसरीतली तीन मुलं.

पहिले काही दिवस मी नुसती बडबड केली. वजाबाकी समजवायची, मग 'कळलं का?', तिघंही जोरात 'हो ताई', आणि वहीत बघावं तर 42 - 17 = 35. परत पहिल्यापासून सांगायचं, परत 35! शेवटी वैतागून त्यातल्या एकीला म्हटलं आता तूच मला शिकव, मी गप्प बसते. तर ती म्हणे सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे हातचा विसरणं वगैरे काही नाही, तिचा नियमच ठरलेला, वर असो की खाली, मोठ्यातून लहान वजा करायचा. (ही चूक भरपूर मुलं करतात, ब्राउन आणि बर्टन या दोन संशोधकांनी 1978 मध्ये मुलांच्या अशा ठरलेल्या चुकांवर पेपर लिहिलाय, मला हे फार नंतर कळलं.) मग काड्या घेतल्या, दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावून आणि दोन सुट्या, म्हटलं यातल्या सतरा दे मला. एक गठ्ठा लगेच दिला, मग त्या दोन काड्यांकडे बघत बसली, आणि थोड्या वेळाने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. मी एक शब्द बोलले नव्हते.

तर हेच, कमी बोल आणि त्यांना बोलतं कर. गृहपाठ मात्र करून देऊ नकोस, ते फार गोड बोलून मागतात.

तुझा अभ्यास आठवड्यातून दोन दिवस गेल्याने बुडत नाही, रोज जायला लागलास तर बुडेल. उलट शिकवणाऱ्याचं डोकं जास्त चालतं. एकाने मला विचारलेलं, पाच गुणिले शून्य शून्य, मग ते पाच गेले कुठे? मी दहावीत, आणि उत्तर येईना!

वयाचं म्हणशील तर 1790 च्या आसपास मद्रासच्या एका अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाच्या माणसाने मोठ्या मुलांकडूनच लहानांना शिकवून घेतलं होतं, तू तर नववीत आहेस.

एखादं मूल घरातलं काही काळजीचं बोललं तर 'कोणाला नाही सांगणार' असं कबूल करू नकोस, तिथे जे मोठे असतील त्यांना सांग.

आणि दांडी मारायची असेल तर आधी मुलांना सांग. परीक्षेच्या गडबडीत मी न सांगता दोनदा गेले नाही, परत गेले तर एकाने वहीच उघडली नाही, म्हणाला तू आज पण जाणारेस ना. त्याला परत बोलता करायला महिना गेला.