पक्ष्यांची हद्द आणि आपली हद्द : प्रादेशिक भागीदारीविषयी प्रश्नोत्तरे

पक्षिसंवर्धनासाठी शेजारच्या संस्थांना सोबत घेऊ पाहणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही चार संस्था एकत्र येतो आहोत. कामाचा प्रदेश कसा ठरवावा? प्रशासकीय हद्द धरणे सोयीचे वाटते.

सोयीचे आहे, पण ती सोय आपली झाली, पक्ष्याची नव्हे. तुमचा पक्षी खातो कुठे, घरटे करतो कुठे आणि विसावतो कुठे, एवढे आधी कागदावर मांडा. यातले एक ठिकाण जरी हद्दीबाहेर राहिले, तरी बाकीच्या दोन ठिकाणी केलेली मेहनत वाया जाऊ शकते.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत दुष्काळ पडला. पाणथळ जागा आधीच बुजवल्या जात होत्या. बदकांची संख्या झपाट्याने घसरली. १९८६मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी पाणपक्ष्यांसाठी संयुक्त आराखडा केला. १९९४मध्ये मेक्सिकोही त्यात आला. आराखडा आखला साऱ्या खंडाचा, पण तो राबवायला ‘जॉइंट व्हेंचर’ नावाच्या प्रादेशिक भागीदाऱ्या उभ्या केल्या. गवताळ प्रदेशातल्या खळग्यांमध्ये साचणाऱ्या तळ्यांसाठी एक, कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यासाठी दुसरी. हद्द ठरली ती अधिवासावरून. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९७०पासून त्या खंडातले जवळजवळ ३०० कोटी पक्षी कमी झाले. पण त्याच काळात बदके आणि हंस वाढले. पाणथळ जागा राखण्यासाठी दशकानुदशके झालेल्या कामाला त्याचे मोठे श्रेय दिले जाते, आणि मला ते योग्य वाटते.

एक मर्यादा मात्र पाळा. तुमची माणसे वर्षातून निदान दोनदा जो प्रदेश पायाखाली घालू शकतील, तेवढाच सुरुवातीला घ्या.

प्रश्न : स्वतंत्र संस्था नोंदवावी की सैल मंच ठेवावा? आमच्या तीन बैठका याच वादात गेल्या.

चौथी बैठक तरी त्यात घालवू नका. दोन्ही प्रकार चालतात. आफ्रिका-युरेशियातल्या स्थलांतरित पाणपक्ष्यांचा १९९५चा करार सदस्य देशांवर बंधनकारक आहे. पूर्व आशिया-ऑस्ट्रेलेशिया उड्डाणमार्गाची, म्हणजे पक्ष्यांच्या स्थलांतराच्या ठरलेल्या वाटेची, २००६मध्ये सुरू झालेली भागीदारी मात्र ऐच्छिक आहे. तिच्यात सरकारे, आंतरराष्ट्रीय संस्था आणि स्वयंसेवी संघटना एकाच टेबलाशी बसतात.

माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे : समन्वयक. पगारी, आणि शक्यतो कोणत्याही एका सदस्य संस्थेचा नोकर नसलेला. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स यांचे वॉडन समुद्राविषयीचे, म्हणजे त्यांच्या किनाऱ्यालगतच्या उथळ, चिखलपट्ट्यांच्या समुद्राविषयीचे सहकार्य १९७८पासून आहे. १९८७मध्ये त्यांनी जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेन इथे सामायिक सचिवालय थाटले. मंत्री बदलतात, सरकारे बदलतात. इतिवृत्त, नकाशे आणि मागच्या वर्षीचा शब्द कोणीतरी जपावाच लागतो. ‘सगळे मिळून करू’ म्हटले की शेवटी फोन एकालाच करावे लागतात, आणि तो माणूस दोन वर्षांत थकतो. अशा उत्साही लोकांना मी जवळून थकताना पाहिले आहे. त्यांच्या जाण्याने झालेले नुकसान भरून निघत नाही.

लेखी मात्र काहीतरी हवेच. दीड पानाचा सामंजस्य करार पुरे. निर्णय कोण घेणार, मतभेद झाल्यास काय करायचे, आकडे कोणाचे आणि बाहेर पडायचे असेल तर कसे, या चार गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात.

प्रश्न : प्रत्येक गट आपल्या पद्धतीने पक्षिगणना करतो. आकडे जुळत नाहीत आणि त्यावरून मने दुखावतात.

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भागीदारी तुटते ती बहुधा पैशावरून नव्हे, आकड्यांवरून.

एकदा खाडीच्या दोन तीरांवर दोन गट मोजायला उभे होते. मी अलीकडच्या तीरावर होतो. भरती चढू लागली तशी समोरची चिखलपट्टी पायरी-पायरीने बुडत गेली. चिखल्या या किनारपक्ष्यांचा थवा कडेकडेने सरकत राहिला आणि शेवटची पट्टी पाण्याखाली जाताच एकदम उठला. वळताना पोटे पांढरी चमकली आणि थवा पलीकडे जाऊन बसला. आम्ही तो वहीत टिपलेला होता. पलीकडच्यांनी दहा मिनिटांनी पुन्हा टिपला. संध्याकाळी बेरीज झाली तेव्हा पक्षी दुप्पट! कोणी खोटे बोलले नव्हते. दोन्ही वह्यांत वेळ लिहिलेली नव्हती, एवढेच.

म्हणून पहिल्या वर्षी संवर्धनाचा एकही मोठा प्रकल्प हाती घेतला नाही तरी चालेल, पण गणनेची पद्धत एक करा. तोच दिवस, भरतीची तीच अवस्था, तीच ठरलेली उभे राहण्याची ठिकाणे, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ. थवा उडाला तर कुठून कुठे, हेही लिहा. पक्षी दिसले नाहीत तिथे शून्य लिहा. मोकळी जागा आणि शून्य यांचा अर्थ वेगळा. आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७पासून मुख्यतः जानेवारीत होते. देशोदेशींचे आकडे शेजारी-शेजारी ठेवता येतात ते त्या सातत्यामुळे. नव्या मोजणाऱ्याला जुन्याच्या शेजारी उभे करा, दोघांनी तोच थवा वेगवेगळा मोजावा आणि मग वह्या उघडाव्यात. तासाभरात जे उमगते ते कार्यशाळेत उमगत नाही.

प्रश्न : शेतकरी आणि मच्छीमार आमच्याकडे संशयाने पाहतात. त्यांना कसे ‘पटवावे’?

पटवायला जाऊ नका. ठरवायला बोलवा, आणि आराखडा छापून होण्याआधी बोलवा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर उपसागराचे उदाहरण घ्या. रेड नॉट हा छोटा किनारपक्षी दक्षिण अमेरिकेतून आर्क्टिककडे जाताना मे महिन्यात तिथे उतरतो, तेव्हा नुसती हाडे-पिसे उरलेली असतात. त्याच दिवसांत हॉर्सशू क्रॅब हे घोड्याच्या नालेसारख्या कवचाचे समुद्री प्राणी वाळूत अंडी घालतात. मोहरीएवढी, हिरवट अंडी. ती खाऊन पक्षी दोनेक आठवड्यांत आपले वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि पुढे निघतो. पण हेच क्रॅब मच्छीमार आमिष म्हणून पकडत होते. तिथे २०१३च्या हंगामापासून किती क्रॅब पकडायचे हे ठरवताना क्रॅबची आणि नॉटची, दोघांचीही संख्या हिशेबात धरली जाते. वाद आजही आहेत, पण ते मांडायला जागा आहे.

कॅलिफोर्नियात २०१४पासून भातशेतकऱ्यांशी वेगळ्या प्रकारचा व्यवहार झाला. पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून कोणत्या आठवड्यांत कुठे पाणी हवे ते काढले गेले. तेवढ्या दिवसांसाठी शेतात पाणी साठवून ठेवायला किती मोबदला घ्याल, ते शेतकऱ्यांनीच लिलावासारखी बोली लावून सांगितले. जमीन विकत घेण्याचा सवालच नाही. शेतकऱ्याला ‘लाभार्थी’ म्हणून नव्हे, व्यवहारातला बरोबरीचा माणूस म्हणून वागवले, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

आणि बैठकीची वेळ त्यांची धरा. मासेमारीच्या ऐन वेळेला सभा ठेवून ‘कोणी आले नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : ज्या कंपनीच्या प्रकल्पामुळे आमची पाणथळ जागा धोक्यात आहे, तीच भागीदार व्हायला आणि निधी द्यायला तयार आहे. घ्यावे का?

चर्चेला जरूर बसवा. जमिनीचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याला वगळून जमीन वाचत नाही. पण चर्चेतली जागा आणि निर्णयातले मत या वेगळ्या गोष्टी आहेत. संबंधित जागेविषयी ठराव येईल तेव्हा त्या सदस्याने मत देऊ नये, हे करारात आधीच लिहून ठेवा. वेळ आल्यावर लिहायला गेलात तर ते त्यांच्याविरुद्धचे पाऊल ठरते.

निधीबाबत मी कडक आहे. समन्वयकाचा पगार आणि गणनेचा खर्च त्या पैशातून कधीही करू नये. आकड्यांवर एकदा शंका आली की ती पुसता येत नाही. हे दोन खर्च सदस्यांच्या वर्गणीतून निघतील एवढाच पसारा ठेवा. कंपनीला खरोखर काही करायचे असेल, तर भरतीचे पाणी अडवणारा बांध उघडणे किंवा पक्ष्यांच्या मुक्कामाच्या महिन्यांत काम थांबवणे तिच्या हातात आहे. पहिल्या बैठकीत तेच मागा, आणि उत्तर तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्या.